मायाच अंगातला जीन, मंग बंद काहून?

सिकलसेल असलेल्या मैत्रिणीनं केनवडच्या ओसरीत बसून एक साधा प्रश्न विचारला. उत्तर शोधता शोधता भेटली आपल्या पेशींमधली काही प्रथिनं, जी डीएनएची अक्षरं बोटांनी चाचपडून वाचतात आणि ठरवतात, कोणता जीन चालू ठेवायचा आणि कोणता बंद.

दिवाळीत घरी गेले होते. केनवडला. रिसोड तालुका, वाशिम जिल्हा. सोयाबीनची सोंगणी उरकली होती, घरात पोती लागली होती आणि जिकडे जावं तिकडे एकच विषय, भाव काय लागला! फराळाचं ताट घेऊन मी मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडे गेले. पहिली ते दहावी आम्ही दोघी एकाच बाकावर. ती ओसरीत खाटेवर बसली होती. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, उशाशी पाण्याची भरलेली बाटली.

‘पुन्हा?’ मी विचारलं.

‘पुन्हा,’ ती म्हणाली. ‘थंडी पडली ना.’

तिला सिकलसेल आहे. एसएस पॅटर्न. तिचं नाव इथे देत नाहीये, कारण तिनंच बजावलंय, ‘आजार छाप, नाव नको छापू.’ ती बीएस्सी करते. मागच्या सेमिस्टरला ऐन परीक्षेत दुखणं उठलं, सलाइन लागली आणि दोन पेपर हुकले. ‘दिसायला तर चांगली दिसतेस की,’ असं कॉलेजात तिला कुणीतरी ऐकवलं. ते वाक्य तिला गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं.

त्या दिवशी तिनं मोबाइल माझ्यापुढे केला. सिकलसेलवरच्या नव्या उपचाराबद्दल काहीतरी वाचत होती.

‘अवं, यात लिवलं हाये का लहानपणीचं चांगलं हिमोग्लोबिन बनवाचा जीन माणसाच्या अंगात मरेपर्यंत राह्यते. फक्त बंद असते. म्हंजे मायाकडं पण हाये. मले सांग, मायाच अंगातला जीन, मंग बंद काहून? कोन बंद केला?’

मी मास कम्युनिकेशनवाली. बायोलॉजीशी बारावीनंतर रामराम झालेला. ‘वाचून सांगते,’ म्हणाले आणि निघाले. पण प्रश्न काही सुटेना. मग पुस्तकं काढली, शोधनिबंध चाळले, कळलं नाही ते परत परत वाचलं. जे समजलं ते तिला सांगितलं. तेच आता तुम्हालाही सांगते.

एका अक्षराची चूक

आधी आजार समजून घेऊ. आपल्या लाल रक्तपेशींत हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसातून ऑक्सिजन घेतं आणि अंगभर पोचवतं. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी कशी बनवायची याची कृती बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये लिहिलेली असते.

डीएनएची लिपी चार अक्षरांची. ए, टी, जी, सी. सिकलसेलमध्ये बीटा जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं. ‘जी-ए-जी’च्या जागी ‘जी-टी-जी’. एका अक्षरानं साखळीतला एक दुवा बदलतो, आणि अशा हिमोग्लोबिनचे रेणू ऑक्सिजन कमी झाला की एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखे लांब होतात. गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकल्या तिथे कळा. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही मात्र दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून रक्त कायम कमी.

आईवडील दोघांकडूनही बदललेला जीन आला तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, त्यामुळे त्याला आपण वाहक आहोत हे कळतही नाही.

आपल्या विदर्भाला हे नवं नाही. 1958 मध्येच शुक्ला आणि सोलंकी या संशोधकांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत गडचिरोलीपासून आपल्या पट्ट्यापर्यंत हा आजार घराघरात आहे. आदिवासी समाजात आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर समाजांतही आहे. तरी ‘हा त्यांचा आजार’ असं म्हणणारे भेटतातच. जीन जात विचारून येत नाही. तो आईवडिलांकडून येतो, एवढंच.

बाळाला त्रास का होत नाही?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी एक गोष्ट टिपली. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत. त्रास सुरू होतो तो काही महिन्यांनी. त्यांनी अंदाज बांधला की बाळाच्या अंगात वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते त्याला वाचवत असावं.

तो अंदाज खरा निघाला. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. त्याला फीटल हिमोग्लोबिन म्हणतात, थोडक्यात एचबीएफ. जन्मानंतर गॅमाचा जीन हळूहळू बंद होतो आणि बीटाचा चालू होतो. वर्षभरात एचबीएफ अगदी किरकोळ उरतं. निरोगी माणसाला याचा काहीच फरक पडत नाही. पण ज्याचा बीटा जीन बिघडलेला आहे, त्याच्यासाठी त्याच दिवसांत दुखणं सुरू होतं. कारण एचबीएफ त्या दोऱ्यांत गुंफलं जात नाही, उलट दोरा लांबू देत नाही.

म्हणजे ती म्हणाली ते शंभर टक्के बरोबर. गॅमाचा जीन तिच्या प्रत्येक पेशीत शाबूत आहे. त्यात एका अक्षराचीही चूक नाही. फक्त तो बंद आहे.

इथे मला पहिल्यांदा कळलं की जीन असणं आणि जीन चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए तोच. तीनशे कोटींहून जास्त अक्षरं, सुमारे वीस हजार प्रथिनांच्या कृती. फरक एवढाच की कुठे कोणते जीन चालू आहेत. गावातल्या प्रत्येक घरात वायरिंग आहे, पण सगळ्यांच्या घरी एकाच वेळी मिक्सर, टीव्ही, पंखा आणि मोटारपंप चालू नसतो ना, तसं.

मग बटण दाबतं कोण?

पुस्तक न उघडता वाचणारी प्रथिनं

बटण दाबणाऱ्यांचं नाव ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. नाव अवघड आहे, काम सोपं. जीन वापरायचा तर आधी त्याची आरएनएमध्ये नक्कल काढावी लागते. या नक्कल काढण्याला म्हणतात ट्रान्सक्रिप्शन. ती काढायची की नाही, किती काढायची, हे ठरवणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. माणसात अशी सुमारे 1,600 आहेत.

जीनला असं बटण असतं ही कल्पना फ्रान्सवा जाकोब आणि जाक मोनो यांनी 1961 मध्ये मांडली. ते बघत होते ई. कोलाय नावाचा जिवाणू. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मिळाली तरच तो ती पचवायची यंत्रणा उभी करतो, एरवी नाही. त्यांनी सांगितलं, एक प्रथिन त्या जीनांच्या तोंडाशी बसून वाट अडवतं. साखर आली की ते उठतं. 1965 मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं.

पण हे प्रथिन योग्य जीन ओळखतं कसं? मला वाटायचं, डीएनएची ती वळलेली शिडी उघडून आतली अक्षरं वाचत असेल. तसं नाही. बहुतेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर शिडी न उघडताच वाचतात.

जिना गोल फिरत वर जातो तसा डीएनए फिरतो. त्या वळणांमध्ये बाहेरून दोन खाचा दिसतात, एक रुंद, एक अरुंद. रुंद खाचेत प्रत्येक अक्षराच्या जोडीची कड बाहेर आलेली असते. ए-टी जोडीची कड वेगळी, जी-सीची वेगळी. कुठे धन टोक, कुठे ऋण, कुठे थोडासा उंचवटा. प्रथिनाचा एक वळलेला भाग त्या खाचेत बरोबर बसतो आणि या कडा चाचपडतो. ब्रेल लिपीत बोट फिरवून वाचतात ना, तसंच. कडांचा क्रम जुळला तर पक्की पकड, नाही जुळला तर सुटतं.

काही प्रथिनांना तर खरंच ‘बोटं’ म्हणतात. झिंक फिंगर. जस्ताचा एक अणू प्रथिनाच्या साखळीला चार ठिकाणी धरून ठेवतो, त्यामुळे साखळीची बोटासारखी घडी पडते. एकेक बोट साधारण तीन अक्षरं वाचतं. बोटं जितकी जास्त, शब्द तितका लांब. बेडकाच्या एका प्रथिनात ही बोटं पहिल्यांदा 1985 मध्ये एरन क्लुग यांच्या गटाला दिसली.

मैत्रिणीला फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली, ‘म्हंजे आपल्या खाण्यातलं जस्त तिथं लागते?’ हो. तिथंही लागतं.

एसटीनं उतरायचं, मग गल्लीत पायी

आणखी एक कोडं. पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो कोंबलेला असतो डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्या केंद्रकात. त्यात पाच-सहा अक्षरांचा एक शब्द शोधायचा कसा?

केनवडला कुणाचं घर शोधायचं तर तुम्ही काय कराल? एसटीनं याल, उतराल, मग गल्लीनं पायी फिराल. नाही सापडलं तर दुसऱ्या आळीत जाल. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर हेच करतात. डीएनएवर कुठेतरी उतरायचं, थोडं अंतर त्याच्यावरून घसरत चाचपडायचं, मग सुटून दुसरीकडे उडी. असं करत करत योग्य शब्द सापडतो.

पण योग्य शब्दही एकच नसतो. जीएटीए-1 नावाचं एक प्रथिन आहे, लाल पेशी बनवणारं मुख्य प्रथिन. नावातच त्याचा शब्द आहे, जी-ए-टी-ए आणि त्याच्या आजूबाजूची दोन अक्षरं. असा शब्द नुसत्या योगायोगानंही दर हजारेक अक्षरांमागे एकदा येतो. म्हणजे पूर्ण डीएनएत लाखो जागा झाल्या! प्रत्यक्षात जीएटीए-1 त्यातल्या थोड्याच जागी बसतं. कारण बराचसा डीएनए प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो, तिथे बोट पोचत नाही. शिवाय शेजारी कोणती दुसरी प्रथिनं बसली आहेत त्यावरही ठरतं. एकट्यादुकट्याचं काम नाही हे, जोडीदार लागतात.

जागा मिळाली की काही प्रथिनं नक्कल काढणाऱ्या यंत्राला बोलावतात, जीन चालू होतो. काही उलट करतात. ती डीएनए घट्ट गुंडाळणाऱ्या प्रथिनांना बोलावतात, जीन बंद होतो.

रुमाल टाकणारं प्रथिन

आता ‘कोन बंद केला?’चं उत्तर. आरोपीचं नाव बीसीएल-11ए.

हे सापडलं कसं, तेही बघण्यासारखं आहे. काही मोठ्या माणसांच्या रक्तात एचबीएफ इतरांपेक्षा थोडं जास्त असतं. असं का, हे शोधायला संशोधकांनी अनेक लोकांचा डीएनए ताडून पाहिला. बोट गेलं दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या बीसीएल-11एच्या जीनकडे. गंमत म्हणजे गॅमा आणि बीटाचे जीन आहेत अकराव्या गुणसूत्रावर. 2008 मध्ये हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाच्या लाल पेशी घडत असताना बीसीएल-11ए कमी केलं तर गॅमा पुन्हा बनायला लागतं. 2011 मध्ये सिकलसेलच्या उंदरांमध्ये लाल पेशींपुरतं हे प्रथिन बंद केलं, तर उंदरांचा आजार हटला.

बीसीएल-11ए झिंक फिंगरवालं आहे. गॅमा जीन जिथून सुरू होतो त्याच्या 115 अक्षरं अलीकडे एक शब्द आहे, टी-जी-ए-सी-सी-ए. तो त्याची बोटं ओळखतात. तिथे ते बसलं की गॅमा बंद.

बंद करायची पद्धत वाचून मला हसू आलं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना? अगदी तेच. गॅमा चालू करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाची, एनएफ-वायची, जागा बीसीएल-11एच्या जागेला खेटूनच आहे. बीसीएल-11ए बसलं की एनएफ-वायला जागाच उरत नाही. बीसीएल-11ए उठलं की एनएफ-वाय येऊन बसतं आणि जीन चालू.

याचा पुरावा निसर्गानं आधीच देऊन ठेवला होता. जगात काही कुटुंबं अशी आहेत ज्यांच्यात त्या 115च्या आसपासचं एखादं अक्षर जन्मतःच बदललेलं असतं. बीसीएल-11एला त्याचा शब्द सापडत नाही, रुमाल टाकता येत नाही, आणि त्या लोकांचं एचबीएफ आयुष्यभर भरपूर राहतं. तरी ते ठणठणीत असतात. बिघडलेल्या बीटासोबत असा बदल आला तर आजार बराच सौम्य होतो. एका अक्षरानं आजार दिला आणि दुसऱ्या एका अक्षरानं तो झाकला!

आपल्याकडच्या रुग्णांतही याची एक छोटी आवृत्ती आहे. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलसोबत बहुतेकदा गॅमा जीनच्या 158 अक्षरं अलीकडे ‘सी’च्या जागी ‘टी’ असतो. त्यामुळे आपल्या रुग्णांत एचबीएफ आफ्रिकेतल्या बऱ्याच रुग्णांपेक्षा जास्त असतं. म्हणून बरीच वर्षं समजूत होती की भारतातला सिकलसेल सौम्य. पण नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या मुलांच्या नोंदी ठेवल्या तेव्हा दिसलं की मध्य भारतात पुष्कळ मुलांना जबर त्रास होतो. माझ्या मैत्रिणीला कुणी सांगायला नको ते.

मग काढून टाका ना ते प्रथिन!

मलाही पहिल्यांदा हेच वाटलं. पण तसं करता येत नाही. बीसीएल-11ए मेंदूच्या वाढीला लागतं, प्रतिकारशक्तीच्या पेशी बनायला लागतं. सरसकट काढलं तर नवी आपत्ती.

तोडगा 2013 मध्ये दिसला. डॅनियल बाउअर, ऑर्किन आणि सहकाऱ्यांना बीसीएल-11एच्या जीनच्या आतच एक छोटा तुकडा सापडला, जो फक्त लाल पेशींच्या कुळात त्याचा आवाज वाढवतो. अशा तुकड्याला एनहान्सर म्हणतात. तिथे कोण बसतं? आपलं जीएटीए-1! म्हणजे एक बटण दुसऱ्या बटणाला चालू ठेवत होतं. मग फक्त ती जी-ए-टी-एची जागा मोडली तर? लाल पेशीत बीसीएल-11ए कमी होईल, गॅमा चालू होईल, आणि मेंदूत काही बिघडणार नाही.

नेमकं हेच पुढे औषध झालं. रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर नावाच्या जैविक कात्रीनं त्या जागी काप द्यायचा. पेशी काप जोडते, पण जोडताना अक्षरं इकडेतिकडे होतात. झालं, जीएटीए-1ला शब्द सापडत नाही. मग त्या पेशी रुग्णाला परत द्यायच्या. जुलै 2019 मध्ये मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांना अमेरिकेत पहिल्यांदा असा उपचार मिळाला. 16 नोव्हेंबर 2023 ला ब्रिटननं आणि 8 डिसेंबरला अमेरिकेनं या उपचाराला मंजुरी दिली. नाव कॅसजेव्ही. चाचणीत ज्यांची पुरेशी माहिती हाती होती अशा 31 रुग्णांपैकी 29 जणांना सलग किमान 12 महिने तीव्र दुखण्याचा एकही झटका आला नाही.

हे ऐकून मैत्रीण फोनवर गप्प झाली. मग म्हणाली, ‘किती पैसे?’

अमेरिकेत 22 लाख डॉलर. तेव्हाच्या भावानं अठरा कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय आधी जड केमोथेरपी देऊन हाडांच्या मगजातल्या जुन्या पेशी घालवाव्या लागतात. महिनोन् महिने हॉस्पिटल.

‘अख्खं केनवड इकलं तरी पुरणार नाही,’ ती म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.

हातात काय आहे?

नोव्हेंबर 2025 मध्ये बातमी आली. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेनं सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार विकसित केलाय, नाव ‘बिरसा 101’, भगवान बिरसा मुंडा यांच्या नावावरून. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलंय. हेतू हाच की उपचार आपल्या लोकांना परवडावा. ती बातमी मैत्रिणीनंच मला फॉरवर्ड केली. खाली एकच शब्द, ‘बघू.’

पण बघत बसायची गरज नाही, हे मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तोच बंद जीन थोडासा चालू करणारी एक जुनी कॅप्सूल आजही मिळते. हायड्रॉक्सीयुरिया. ती बऱ्याच रुग्णांत एचबीएफ वाढवते आणि दुखण्याचे झटके कमी करते. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आपल्याच भागातल्या गंभीर त्रास असलेल्या मुलांना ती कमी मात्रेत, रोज किलोमागे दहा मिलिग्रॅम, देऊन पाहिली आणि फायदा दिसल्याचं 2012 मध्ये मांडलं. गोळी अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं.

मैत्रीण ती कॅप्सूल घ्यायची, पण मनात आलं की. ‘दुखत नाही तं काहून घेऊ?’ असा तिचा हिशोब. बीसीएल-11एची गोष्ट ऐकल्यावर म्हणाली, ‘म्हंजे दुखत नाही तवा पण तो बंद करणारा बसूनच असते का तिथं?’ हो बाई, रोज बसून असतो. आता ती गोळी रोज घेते. काकूंनी कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केलीय.

आणि एक गोष्ट माझी. तिला एवढं सांगत होते, पण मी स्वतः बावीस वर्षांत एकदाही तपासणी केली नव्हती. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, 2047 चं लक्ष्य ठेवून. तपासणी मोफत आहे, हेही मला माहीत होतं. तरी गेले नव्हते. ‘आपल्याला कुठं असणार!’ मागच्या महिन्यात सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट आला, एएस. मी वाहक आहे.

आईचा पहिला प्रश्न, ‘आता तुझ्या लग्नाचं कसं?’ मी तिला कागदावर मांडून दाखवलं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. जोडीदार एए असेल तर मुलाला सिकलसेल होणार नाही. म्हणजे पत्रिकेआधी एक रक्ताचा रिपोर्ट बघायचा, एवढंच. आई बराच वेळ कागद बघत राहिली. मग म्हणाली, ‘बाबांचंही तपासू. अन् माझंही.’

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मंग आता तू पण आमच्यातलीच. तुयं नाव छापशील का?’

छापतेय. वर आहे बघ.

तिचे राहिलेले दोन पेपर उन्हाळ्यात आहेत. या वेळी बाटली, गोळी आणि डॉक्टरांचं पत्र आधीच कॉलेजात देऊन ठेवणार आहे.

हे माहीत हवं!

• सोल्युबिलिटी टेस्ट ही पहिली चाळणी. त्यातून वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते.

• लग्न ठरण्याआधी दोघांचीही तपासणी करा. वाहक असणं हा आजार नाही.

• सिकलसेल असलेल्या मित्रमैत्रिणींना पाणी कमी पडू देऊ नका. थंडी, ताप, अतिश्रम आणि तहान यांनी दुखणं उठतं. ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर थेट दवाखाना.

• अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा.

• दरवर्षी 19 जून हा जागतिक सिकलसेल दिन. तपासणीसाठी मात्र त्या तारखेची वाट बघायची गरज नाही.